गिअरबॉक्सकडून एक

अण्णांच्या घरात ठिणगी पडली ती मुलीच्या रूपाने. अण्णा जन्मभराचे डिझेलवाले. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागतच नाही. हवा दाबून दाबून तापवायची, तिच्यात तेल सोडायचं, की झाला भडका. पेट्रोलच्या इंजिनाला मात्र दर वेळी कोणीतरी काडी लावून द्यावी लागते, म्हणून अण्णा पेट्रोलला 'परावलंबी जात' म्हणायचे. आणि त्यांचीच पोर पेट्रोलच्या, त्यातही शर्यतीच्या गाडीच्या नादी लागली. तेव्हापासून तिचं खरं नाव कागदोपत्री राहिलं आणि अण्णांनी रागाने ठेवलेलं 'ठिणगी' हेच नाव सगळीकडे झालं. राग केव्हाच गेला होता. नाव तेवढं राहिलं.

ठिणगी गाडी चालवायची आणि तिचं इंजिनही स्वतःच बांधायची. गेल्या मोसमात, पाय पूर्ण दाबलेला असताना, एका सिलिंडरला पेट्रोल कमी पडलं. आता पेट्रोल कमी म्हणजे आग कमी, असं कुणालाही वाटेल. पण इथे गणित उलटं असतं. भर वेगात पेट्रोल जरा कमी पडलं की आतली उष्णता वाढते, इतकी की पिस्टन मेणासारखा वितळतो. तसाच तो वितळला, इंजिन जाम झालं, चाकं आवळली गेली आणि गाडी गिरक्या घेत टायरांच्या भिंतीत घुसली. ठिणगी स्वतःच्या पायांनी बाहेर आली. 'पोरीला साधं खरचटलंही नाही' असं अण्णा त्या दिवसापासून जो भेटेल त्याला सांगत होते, आणि सांगताना त्यांचा आवाज दर वेळी कापत होता.

आता तिने दुसरं इंजिन बांधलं होतं. त्या जातीचं इंजिन बनणं कधीच बंद झालेलं. खूप शोधाशोध करून मिळालेलं हे एकच. हे गेलं की गाडीही गेली, असा मामला होता. आणि गाडीत बसणार ठिणगी, त्यामुळे अण्णांच्या लेखी इंजिनाचा प्रश्न नंतरचा होता. दुपारी शर्यतीच्या धावपट्टीवर चाचणी होती, आणि सकाळी ठिणगीने त्यांना गॅरेजमध्ये बोलावलं होतं.

“नवे इंजेक्टर बसवायचेत. तुम्ही आधी बघून घ्या.”

“मी काय बघणार? मी नोझलवाला माणूस. तुमचं ते कॉम्प्युटरवर चालतं.”

“नोझलच आहेत हो अण्णा. या तर खरं.”

अण्णांनी चष्मा पुसला, बाह्या वर केल्या आणि तिच्यामागून आतल्या खोलीत शिरले. खिडक्यांवर जाड काळे पडदे ओढलेले होते. टेबलावर एक स्वच्छ पांढरं फडकं आणि फडक्यावर चार इंजेक्टर, इंजिनात पेट्रोल फवारणारे. करंगळीएवढे असतील नसतील. अण्णांच्या हाताखालून गेलेली नोझल्स मुसळासारखी. ट्रॅक्टरची, रोलरची, एकदा तर बोटीची. हे त्यांच्यापुढे खेळण्यातले वाटत होते.

“यांची तोंडं मोठी करून आणलीत,” ठिणगी म्हणाली. “मुळातली बारीक होती. इंजिनाला आता जास्त भूक आहे, घास मोठा हवा. बघा.”

तिने एक इंजेक्टर सूक्ष्मदर्शकाखाली धरला. अण्णा वाकले. आधी नुसता उजेड दिसला, मग उजेडात एक चकती, आणि चकतीत चार भोकं. भोकांच्या कडा इतक्या साफ होत्या की अण्णांनी डोळा काढून इंजेक्टरकडे पाहिलं आणि पुन्हा डोळा लावला. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं, एक करडा ठिपका सोडला तर. सुईचं नेढं यापुढे दरवाजा म्हणायला हवा.

“कुणी केलं हे?”

“एक टूलमेकर आहे. वितळवून कोरतो. विजेची बारीक ठिणगी सोडून.”

“ठिणगीच का शेवटी,” अण्णा पुटपुटले. त्यांनी चारही इंजेक्टर बघितले. कुठे धातूची कूस राहिली आहे का, कुठे कड तुटली आहे का, एखादं भोक तिरपं गेलंय का. बघायला गेले होते खोट काढायला, आणि पाच मिनिटांत ते विसरूनच गेले. ज्याने हे कोरलं त्याचे हात बघावेत, असं त्यांना फार वाटलं.

मग ठिणगीने चारही इंजेक्टर तपासणीच्या यंत्रावर चढवले. यंत्र म्हणजे वर एक आडवी नळी, तिला लटकलेले चार इंजेक्टर, आणि प्रत्येकाखाली एक उभी काचेची नळी. पेट्रोलऐवजी तपासणीचं तेल. आधी तिने नुसता दाब दिला, इंजेक्टर उघडले नाहीत. दोघंही चार टोकांकडे टक लावून बसले. बंद नोझलच्या टोकाला थेंब लोंबकळला की ते नोझल नापास, हा कायदा डिझेललाही लागू होता, त्यामुळे इथे अण्णांना कोणी शिकवायची गरज नव्हती. चारही टोकं कोरडी राहिली.

“आता दिवा घालवते,” ठिणगी म्हणाली.

अंधार झाला, यंत्र तडतडू लागलं, आणि अण्णा सवयीने दोन पावलं मागे सरकले. डिझेलचा फवारा कातडीत घुसतो. त्यांच्या एका जोडीदाराचं बोट तसं गेलं होतं. नोझल चालू झालं की तोंड फिरवायचं आणि कान लावायचा. चांगलं नोझल कुरकुरतं, वाईट नोझल मुकाट गळतं. 'बोलतं नोझल चांगलं, गप्प नोझल चोर,' हे त्यांचं वाक्य साऱ्या गॅरेजवाल्यांना पाठ होतं. असं ऐकून ऐकून त्यांनी किती नोझल्स पास केली त्याला गणती नव्हती. बघितला मात्र एकही फवारा नव्हता.

“हा कापत नाही अण्णा. पुढे या.” आणि तिने कसलंसं बटण दाबलं.

काचेमागे एक दिवा लुकलुकायला लागला, इतक्या झपाट्याने की डोळ्यांना तो सलगच वाटावा. आणि इंजेक्टरांखाली चार फवारे उभे होते.

उभे होते म्हणजे अक्षरशः उभे. यंत्र तर तडतडत होतं, तेल तर पडत होतं, खालच्या नळ्या भरत होत्या, आणि तरी ते हलत नव्हते. वर टोकाशी दाट, खाली येता येता विरळ, आणि कडेचा थेंबन् थेंब वेगळा, गोल, हवेत जिथल्या तिथे. अण्णांना वाटलं यंत्र बिघडलं. मग वाटलं आपले डोळे बिघडले.

“थांबलंय का गं ते?”

“नाही हो. दिवा त्याच्याच तालावर लागतोय. दर वेळी त्याच क्षणी उजेड पडतो, म्हणून थांबल्यासारखं दिसतं. आता बघा हं.”

तिने कळ किंचित फिरवली. फवारे सावकाश खाली उतरू लागले, एकेक थेंब दमादमाने. तिने कळ दुसऱ्या बाजूला फिरवली आणि थेंब उलटे निघाले. वर. हळूहळू वर चढून ते दाट झाले आणि इंजेक्टरच्या तोंडात परत शिरले.

अण्णा मटकन स्टुलावर बसले. ज्या फवाऱ्यावर संसार चालला, ज्याच्यावर या पोरीचं शिक्षण झालं, तो असा दिसतो! इतका देखणा असतो! आणि आपण जन्मभर त्याच्याकडे पाठ करून उभे. वाईट वाटलं असंही नाही. एखाद्या घरात सगळं आयुष्य काढावं आणि म्हातारपणी कोणीतरी दार उघडून दाखवावं, की इकडे मागे समुद्र आहे, तसं झालं त्यांना.

“पुन्हा उभे कर,” ते म्हणाले. तिने केले. अण्णा काचेला नाक लावून बघत राहिले, आणि ठिणगीने घाई केली नाही.

शेवटी दिवा लावून नळ्या तपासल्या. तीन नळ्यांमध्ये तेल एका रेषेत, चौथीत केसभर वर. अण्णांमधला मेकॅनिक लगेच जागा झाला.

“हा जास्त देतोय. चौघं सारखे हवेत.”

“मुद्दाम तसा करून घेतलाय. मागच्या वेळी ज्या सिलिंडरचा पिस्टन वितळला ना, तो नेहमीच जास्त तापतो. थंड पाणी त्याच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचतं. त्याला हा बसवायचा. तापट माणसाला आधी वाढायचं, म्हणजे घरात शांतता राहते.”

“हे तू तुझ्या आईकडून शिकलीस.”

“आई तुमच्याबद्दल म्हणते ते.”

अण्णा हसत हसत हात धुवायला गेले. परत आले तर ठिणगीने नेलपॉलिशने इंजेक्टरांवर ठिपके दिले होते: एकावर एक, दुसऱ्यावर दोन, असे चारपर्यंत. लाल रंग वाळत होता. “ठिपक्यांप्रमाणे बसवा,” म्हणून ती लॅपटॉप घेऊन गाडीच्या डॅशबोर्डखाली घुसली. कॉम्प्युटरला नव्या तोंडांचा हिशेब शिकवायचा होता, आणि ते काम उताणं पडूनच करावं लागत होतं. बाहेर फक्त तिचे बूट दिसत होते.

अण्णांचे हात बऱ्याच दिवसांनी कामाला लागले होते, आणि खुशीत होते. प्रत्येक इंजेक्टरची रबरी कडी त्यांनी बोटाने फिरवून पाहिली, तिला तेलाचं एक बोट लावलं. कोरडी कडी चिरते, आणि चिरलेली कडी गरम इंजिनावर पेट्रोल सांडते; पुढचं सांगायला नको. मग एकेक इंजेक्टर आपापल्या जागी धरायचा, अंगठ्याने सरळ दाबायचा, जरासा पीळ द्यायचा. टक. टक. चारही बसले. वरून पेट्रोलची नळी, खिळी, वायरींचे प्लग. पंप चालू करून त्यांनी प्रत्येक सांध्याखालून बोट फिरवलं. बोट कोरडं आलं. त्यांनी ते उगाच दोनदा हुंगून पाहिलं.

दुपारी धावपट्टीवर ऊन रणरणत होतं. कठड्याशी शर्यतीच्या संघाचा मॅनेजर उभा होता, टोपी घातलेला, कमी बोलणारा. ठिणगी हेल्मेट काखेत घेऊन त्याला समजावत होती आणि अण्णा तिच्या मागे अभिमानाने उभे होते.

“गेल्या वेळी चार नंबरने दगा दिला,” मॅनेजर म्हणाला. “त्याचं काय केलंत?”

“चार नंबरला मुद्दाम थोडं जास्त दिलंय,” ठिणगी म्हणाली. “गिअरबॉक्सकडचा आहे ना तो, तिथे पाणी उशिरा पोचतं. बाकी तिघं सारखे.”

मॅनेजरने मान डोलावली. ठिणगी हेल्मेट चढवून गाडीकडे गेली. आणि अण्णांच्या पायाखालची जमीन सरकली.

गिअरबॉक्सकडचा, चार नंबर?

अण्णांचा गिअरबॉक्सकडचा सिलिंडर एक नंबर होता. ज्या उस्तादाच्या हाताखाली ते शिकले, त्याच्याकडे येणारी इंजिनं तशीच होती; मोजणी गिअरबॉक्सपासून सुरू. बाकीची दुनिया दुसऱ्या टोकाने, पंख्याच्या पट्ट्याकडून मोजते, हे अण्णांना ठाऊक होतं. 'दुनिया शेपटाकडून मोजते, मी डोक्याकडून मोजतो,' असं ते वर सांगत. ठिणगीला पहिलं इंजिन त्यांनीच उघडून दाखवलं होतं, तेव्हा ती आपल्यासारखंच मोजत असणार, यात त्यांना कधी शंकाच आली नव्हती. आणि आता तिच्याच तोंडून हे.

म्हणजे तिने चार ठिपके दिले ते त्या जास्तवाल्या इंजेक्टरला. आणि अण्णांनी तो बसवला पट्ट्याकडे, स्वतःच्या चार नंबरला. तापणाऱ्या सिलिंडरला साधा गेला. कॉम्प्युटरला तिने शिकवलेला सगळा हिशेब उलटा झाला. एवढी वर्षं ज्यांच्या कामात कोणी खोट काढली नाही, त्या अण्णांनी पोरीच्या गाडीत इंजेक्टर उलटे बसवले.

क्षणभर, खोटं कशाला बोला, अण्णांच्या मनात आलं की फरक केसभराचाच आहे, निभेल. मॅनेजर शेजारीच उभा होता, दोन-चार ड्रायव्हर होते, झेंडेवाला होता. या सगळ्यांदेखत ओरडायचं, की मी चुकलो? मग त्यांना टायरांची भिंत दिसली. लांब, वळणावर, पांढऱ्या रंगाने रंगवलेली.

अण्णा कठडा ओलांडून पळत सुटले. गुडघे त्यांचे कधीचे संपावर होते, पण त्या दिवशी तेही पळाले. झेंडेवाल्याने शिट्टी फुंकली, कोणीतरी “अहो काका!” म्हणून ओरडलं. गाडी हलायच्या बेतात होती. अण्णा थेट तिच्या नाकासमोर जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले.

“बंद कर! बंद कर गाडी! माझी चूक झाली! मी उलटे बसवले!”

इंजिन थांबलं. अण्णा खिडकीपाशी आले. श्वास लागला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

“तू चार म्हणालीस गिअरबॉक्सकडचा. मी गिअरबॉक्सकडून एक लावतो. ठिपके बघून लावले गं मी... सगळे उलटे गेले. उतर तू. आधी खाली उतर.”

ठिणगी पट्ट्यांनी सीटला जखडलेली होती, तिला वाकता येईना. तिने हात बाहेर काढून अण्णांची कॉलर धरली आणि त्यांना जवळ ओढलं. हेल्मेटच्या फटीतून फक्त तिचे डोळे दिसत होते.

“अण्णा, नीट बसलेत ते. जास्तवाल्याला मी एकच ठिपका दिलाय. तुमचा एक.”

“माझा?”

“तुमच्यासाठी काढलेले ठिपके तुमच्याच मोजणीने असणार ना. तो गिअरबॉक्सकडेच आहे. जिथे हवा तिथेच.”

अण्णांना उमजायला वेळ लागला. ते बॉनेटकडे बघत राहिले, ओठ हलत होते, बोटं मोजत होती. एक ठिपका. गिअरबॉक्सकडून एक.

“पण मघाशी त्याला तू...”

“त्याच्याशी त्याच्या मोजणीने बोलते. सगळ्यांशी तसंच. तुमच्याशी तुमच्या.”

“कधीपासून?”

“फ्रॉक घालत होते तेव्हापासून. शाळेतून येऊन तुमच्या गॅरेजात बसायचे ना, तेव्हाच कळलं होतं की दुनिया दुसरीकडून मोजते. मलाही तसंच मोजावं लागतं, असं सांगितलं असतं तर तुम्ही दुनियेशी भांडला असता.”

मॅनेजर धावत येऊन पोचला होता. “काय झालं? काय उलटं आहे?”

“काही नाही,” ठिणगी म्हणाली. “शेवटची तपासणी राहिली होती. झाली.”

“तपासणी नव्हे हो,” अण्णा म्हणाले. “मी घाबरलो होतो.” हे वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत बोलले असावेत, आणि बोलून झाल्यावर त्यांना एकदम मोकळं वाटलं.

गाडी निघाली. पहिली फेरी ती नुसती पळाली, दुसऱ्या फेरीला सरळ रस्ता लागताच ठिणगीने पाय पूर्ण दाबला. आवाज चढत गेला, आणखी चढला, आता फुटेल असं वाटलं त्याच्याही वर गेला आणि तिथे स्वच्छ टिकून राहिला. अण्णांनी नेहमीप्रमाणे तोंड फिरवून कान लावला नाही. ते बघत होते. त्यांना ठाऊक होतं की त्या लोखंडाच्या आत, या क्षणी, चार फवारे उमलताहेत आणि मिटताहेत, डोळा लवण्याच्या आत कितीतरी वेळा, आणि तरी प्रत्येक तितकाच देखणा, कडेचा थेंबन् थेंब गोल. गाडी टायरांच्या भिंतीसमोरून वळली आणि पुढे निघून गेली, आणि अण्णांच्या ध्यानात आलं की आपण श्वास रोखून धरला होता.

ती परत आली तेव्हा इंजिन जरा निवू दिलं आणि स्पार्क प्लग काढले. पेट्रोल कुणाला किती पोचलं, ते प्लगच्या टोकाच्या रंगावर कळतं. पांढराफटक पडला तर उपाशी होता, काळाकुट्ट झाला तर खाऊन माजला. अण्णांनी फडकं अंथरून प्लग इंजिनात होते त्याच क्रमाने मांडले. चारही भाजलेल्या विटेच्या रंगाचे. तापटही आणि बाकीचेही, सगळे पोटभर जेवलेले. मॅनेजर वाकून बघून गेला, आणि जाताना त्याने टोपी काढली.

“मोजून घेऊ या,” अण्णा म्हणाले. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, हात लांब नेला आणि पट्ट्याकडच्या प्लगवर बोट ठेवलं. “एक.”

त्याच वेळी ठिणगीने गिअरबॉक्सकडच्या प्लगवर बोट ठेवलं होतं. “एक,” तीही म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणीही बोट उचललं नाही.

“दोन,” अण्णा म्हणाले.

“दोन,” ठिणगी म्हणाली, आणि मधोमध दोघांची बोटं एकमेकांना लागली.